भूलतज्ज्ञाची कॉफी

डॉ. पद्माकर सबनीसांनी चौतीस वर्षांत अंदाजे एकवीस हजार माणसं झोपवली, आणि त्यातल्या एकानेही जागं झाल्यावर त्यांचं नाव विचारलं नाही. यात त्या माणसांचा दोष नव्हता. भूलतज्ज्ञाचा धंदाच असा आहे, की काम चोख झालं तर गिऱ्हाइकाला काही आठवत नाही आणि आठवलं तर वकिलाचं पत्र येतं.

आभार सगळे श्रीकांत दांडेकरकडे जायचे. श्रीकांत हाडांचा सर्जन. इंग्लंडातल्या लेस्टरच्या अर्ध्या म्हाताऱ्या त्याने बसवलेल्या खुब्यांवर चालतात. दर नाताळला त्याच्या घरी चॉकलेटं, वाइन, हाताने विणलेले मोजे यायचे. एका बाईंनी आपल्या कुत्र्याचं नाव ‘डॉक्टर दांडेकर’ ठेवलं होतं आणि कुत्र्याचा फोटो दरवर्षी न चुकता पाठवायच्या. ती बाई टेबलावर तीन तास पद्माकररावांच्या हाती श्वास सोपवून पडली होती. कुत्रे तिच्याकडे दोन होते. दुसऱ्याचं नाव तिने ‘मार्मलेड’ ठेवलं.

पद्माकररावांना उभ्या कारकिर्दीत एक कार्ड आलं. पाकिटावर लिहिलं होतं, ‘दहापासून उलटे आकडे मोजायला सांगणाऱ्या गृहस्थांस’. आत एका ओळीत विचारलं होतं, की मी झोपेत काही वेडंवाकडं बोलले का. ते कार्ड त्यांनी अजून जपून ठेवलंय.

असा माणूस रिटायर झाल्यावर बागकाम करील, सुडोकू सोडवील, गेला बाजार मराठी मंडळाच्या कमिटीवर जाऊन भांडेल, अशी प्रमोदिनीबाईंची अपेक्षा होती. त्या हॉस्पिटलच्या फार्मसीतून रिटायर झालेल्या. माणसाला कुठल्या वयात कुठलं औषध लागतं, हे त्यांना बरोबर कळायचं. पण मध्येच नीलने घोळ घातला. नील हा एकुलता एक मुलगा, जन्म लेस्टरचा, मुक्काम लंडनजवळच्या इल्फर्डला. त्याने बाबांच्या रिटायरमेंटला एक एस्प्रेसो मशीन पाठवून दिलं आणि व्हिडिओ कॉलवर सांगितलं, “बाबा, हा मशीन खूप चांगली आहे. तुम्हाला एक हॉबी पाहिजे. नाहीतर आई मॅड होईल.”

आई मॅड झाली, पण ती नंतर.

पद्माकररावांनी पहिल्या दिवशी मशीनचं पुस्तक दोनदा वाचलं. अठरा ग्रॅम पूड, छत्तीस ग्रॅम कॉफी, अठ्ठावीस सेकंद. नऊ बार दाब. वाचता वाचता त्यांचे डोळे भरून आले म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण चष्मा पुसला एवढं खरं. ग्रॅम, सेकंद, दाब. हे तर त्यांचंच शास्त्र होतं, फक्त उलट्या दिशेचं. जन्मभर ज्याने माणसं झोपवली त्याला देवाने उतारवयात माणसं जागी करायची विद्या दिली होती. आणि जागा माणूस, हा यातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा, बोलू शकतो. जागा माणूस ‘वा’ म्हणू शकतो.

त्या एका ‘वा’साठी पुढचं सगळं झालं.

आधी नीलच्या सांगण्यावरून ग्राइंडर आला, कारण मशीनपेक्षा ग्राइंडर महत्त्वाचा असतो म्हणे. मग एक दशांश ग्रॅम दाखवणारा काटा. पूड दाबायचा दट्ट्या. पूड विस्कटायची सुयांची एक कुंचली, जी बघून प्रमोदिनीबाईंना वाटलं की घरात कोणी ॲक्युपंक्चर सुरू केलंय. या मंडळींना जागा करून देण्यासाठी मिक्सर गराजमध्ये गेला, त्याच्यामागे कुकर गेला आणि दिवाळीच्या सुमाराला पोळपाट-लाटणंही जायच्या बेतात होतं. प्रमोदिनीबाईंनी लाटणं हातात धरून एवढंच विचारलं, “हे कुठे ठेवू म्हणता?” त्यावर तो विषय मिटला.

प्रत्येक कपाचा चार्ट असे. वेळ, दाब, तापमान, दर पाच सेकंदांनी एक नोंद. शेवटच्या रकान्यात ‘प्रकृती’ या मथळ्याखाली पद्माकरराव कॉफीची चव लिहीत. ‘आंबट, पण स्थिर’ असा एक शेरा प्रमोदिनीबाईंनी स्वतः वाचलेला आहे.

“घेऊन तर बघ,” पद्माकरराव म्हणायचे.

“मला आपला चहाच बरा.”

“एक घोट.”

“अहो, चाळीस वर्षं तुम्ही माझा चहा पिताय. मी कधी म्हटलं, थांबा, तापमान बघते?”

बायको हाती लागेना तेव्हा पद्माकररावांनी शेजाऱ्याला धरलं. हरीशभाई हे शेजारी. मोज्यांच्या कारखान्यात हयात काढलेले, मूळचे गुजराती, पण चाळीस वर्षं मराठी डॉक्टरांच्या शेजारी राहून मराठी बोलणारे. त्यांनी तो इवलासा कप उजेडात धरून बघितला.

“डॉक्टरसाहेब, बाकीची कुठे आहे?”

“एवढीच असते.”

हरीशभाईंनी घोट घेतला. कप खाली ठेवला. “औषध आहे?” त्यांनी विचारलं. मग सल्ला दिला. “इलायची घाला. आणि दूध. आणि साखर. आणि थोडा चहा.”

या अपमानातून पद्माकररावांनी असा निष्कर्ष काढला की दोष बियांत आहे. बिया आपणच भाजायच्या. त्यांनी बागेतल्या शेडमध्ये पॉपकॉर्नच्या यंत्रात कच्च्या बिया भाजायला घेतल्या. बिया तडतडल्या, फोलपटं उडाली आणि शेडच्या दारातून असा धूर निघाला की हरीशभाईंनी सद्भावनेने फायर ब्रिगेडला फोन केला. दोन बंब आले. गल्लीतले गोरे शेजारी ड्रेसिंग गाउन घालून उभे राहिले. चौतीस वर्षांत ज्यांच्या हातून एक पेशंट काळानिळा झाला नाही, त्या पद्माकररावांच्या हातावर एका पंचविशीतल्या पोरीने फायर सेफ्टीचं रंगीत पत्रक ठेवलं. पत्रकावर अस्वलाचं चित्र होतं.

चौथ्या दिवशी कौन्सिलकडून, म्हणजे तिथल्या नगरपालिकेकडून, एक अधिकारी आले. सभ्य गृहस्थ. त्यांच्या हातात फॉर्म होता आणि घोडं एका चौकटीशी अडलं होतं. खाद्यपदार्थांचा धंदा असेल तर नोंदणी लागते, नसेल तर लागत नाही.

“तुम्ही ही कॉफी विकता का?”

“नाही.”

“फुकट वाटता?”

“प्रयत्न चालू आहे.”

“म्हणजे लोक पितात?”

पद्माकररावांनी प्रामाणिकपणे विचार केला. “नाही,” ते म्हणाले.

अधिकाऱ्याने फॉर्मवर लिहिलं, ‘ग्राहक : नाहीत’, आणि फाइल बंद केली. जाताना सहानुभूतीने म्हणाले, की तुमच्यावर कुठलीच कारवाई करण्यासारखी नाही. निर्दोष सुटल्याचं एवढं दुःख आजवर कोणाला झालं नसेल.

भाजणं बंद झालं. बिया आता कॉव्हेंट्रीच्या एका बिया भाजून विकणाऱ्याकडून पोस्टाने येऊ लागल्या. ऑर्डर प्रमोदिनीबाई द्यायच्या, कारण पद्माकररावांना पासवर्ड आठवत नसे. पार्सल आलं की बियाही स्वतःच काचेच्या बरणीत ओतून वर चिठ्ठी लावायच्या. फार्मसीतली सवय.

आणि कॉफी चढू लागली. पद्माकररावांना रात्रीची झोप येईना. याचा त्यांना त्रास कमी आणि अभिमान जास्त होता. मंडळात कोणी गुडघ्याची तक्रार सांगितली की हे म्हणत, “मला तर काल चारपर्यंत डोळा नाही. बिया फार पॉवरफुल आहेत.” छाती धडधडायची. जीपीने, म्हणजे फॅमिली डॉक्टरने, कॉफी कमी करा म्हणून सांगितलं, तेव्हा पद्माकररावांनी त्याला एक्स्ट्रॅक्शन, म्हणजे पुडीतून अर्क कसा उतरतो ते, समजावून सांगायला घेतलं. दहा मिनिटांची अपॉइंटमेंट संपली.

फेब्रुवारी अखेर त्यांनी जाहीर केलं, “पाडव्याला जेवायला बोलावू. आठ-दहा माणसं. जेवणानंतर कॉफी माझी.”

प्रमोदिनीबाईंनी पाहिलं त्यांच्याकडे. “श्रीकांत येणार?”

“त्याच्यासाठीच तर.”

यंदा पाडवा नेमका रविवारी आला. एरवी इंग्लंडातला पाडवा पंचांगात कधीही असो, साजरा रविवारीच होतो. यंदा पंचांगानेही ऐकलं. पण सरकारने त्याच पहाटे घड्याळं तासभर पुढे केली, त्यामुळे अख्ख्या देशासारखी पाहुणेमंडळीही एक तास झोप गमावून आली. गुढी मागच्या बागेत उभी राहिली. हरीशभाई आले, श्रीकांत आणि श्यामला आले, मंडळातली आणखी दोन रिटायर्ड डॉक्टर जोडपी आली. सगळे कोणत्या ना कोणत्या गोळीवर.

जेवण काय वर्णावं. प्रमोदिनीबाईंनी दोन दिवस चक्का टांगून श्रीखंड केलं होतं. केशर, वेलदोडा आणि जायफळ सढळ हाताने. पुऱ्या फुगत होत्या आणि पानात उतरत होत्या. मसालेभात, बटाट्याची भाजी, कुरडया. श्रीकांत तिसऱ्यांदा श्रीखंड घेत म्हणाला, “वहिनी, हे श्रीखंड नाही, हे पाप आहे.” पद्माकररावांच्या पानात पुरी अर्धी राहिली होती. त्यांचं लक्ष किचनमध्ये तापणाऱ्या मशीनकडे होतं.

कॉफी आली. सात इवले पांढरे कप, एका मोठ्या थाळीत ओळीने. एकेक कप अठ्ठावीस सेकंदांचा, पण पुढचा करायच्या आत मागचा पुसा, धुवा, वाळवा. तेव्हा सातवा झाला तोवर पहिल्याला पंचवीस मिनिटं झाली होती आणि सगळे सारख्याच प्रेमाने थंड झाले होते. पद्माकररावांनी थाळी घेऊन दिवाणखान्यात प्रवेश केला. थाळी, पाडवा, इवल्या वाट्यांतून काहीतरी काळंकडू. मंडळींनी काय समजायचं?

श्रीकांतने डावा हात कोपराला लावून उजव्या हाताने कप घेतला, भक्तिभावाने कपाळाला टेकवला, डोळे मिटले आणि एका घोटात आत टाकला. बाकी सर्वांनी तसंच केलं. सगळ्यांचे चेहरे एका वेळी वाकडे झाले. श्यामलाबाईंनी पाठोपाठ गुळाचा खडा मागितला.

“व्वा,” श्रीकांत म्हणाला.

पद्माकरराव थाळीसकट एक पाऊल पुढे आले. पंचवीस वर्षं एका थिएटरमध्ये उभं राहून ऐकायला न मिळालेला शब्द.

“यंदा कडुनिंब कोवळा मिळालेला दिसतोय,” श्रीकांत पुढे म्हणाला. “बेलग्रेव्ह रोडच्या देशी दुकानात का? दरवर्षी असला जहाल नसतो. वर्षभर रोग होणार नाही बघ.”

“पाडव्याला कडू खावंच,” श्यामलाबाई गूळ चघळत म्हणाल्या. “पण भावजी, जेवणाआधी द्यायचं असतं हो हे.”

पद्माकरराव थाळी घेऊन किचनमध्ये परत आले. थाळी ओट्यावर ठेवली. प्रमोदिनीबाई मागे येऊन उभ्या राहिल्या.

“अहो, ऐका माझं. त्यांना आपली कॉफी द्या. आपली म्हणजे घरातली. दूध, साखर, जायफळ. आई उपासाला करायची तशी. सगळे मिटक्या मारत पितील.”

“म्हणजे हे सगळं,” पद्माकररावांनी मशीनकडे हात केला, “कशाला शिकलो मी?”

“मला काय विचारता?”

माणूस तत्त्वाला किती धरून राहणार? दिवाणखान्यात श्रीकांत बसला होता, आणि एक ‘वा’ चुकीच्या पत्त्यावर जाऊन आला होता. पद्माकररावांनी दूध तापत ठेवलं.

“जायफळ किती?”

“चिमूटभर.”

“चिमूट म्हणजे किती ग्रॅम?”

“चिमूट म्हणजे चिमूट. किसणीवर दोनदा फिरवायचं.”

ही असली भाषा फार्मसीतल्या बाईने बोलावी याचं पद्माकररावांना वाईट वाटलं. त्यांनी बायकोची एक चिमूट काट्यावर ठेवून मोजायला घेतली, पण प्रमोदिनीबाई चिमटीसकट पाहुण्यांसमोर पानदान न्यायला निघून गेल्या. मग त्यांनी स्वतः हिशेब बांधला. सात माणसं, सरासरी वजन ऐंशी किलो, पोट भरलेलं. किसणीवर एवढं किसणं हे काही शास्त्रीय काम नव्हे. घरात चाळीस पायऱ्यांवर बसवता येणारा ग्राइंडर होता. त्यांनी तीन अख्खी जायफळं बियांबरोबर त्यात टाकली आणि बटण दाबलं.

पहिलं जायफळ दळलं गेलं. दुसरंही गेलं, पण ग्राइंडरचा आवाज बदलला. तिसऱ्याला तो एकदाच कण्हला आणि गप्प झाला. चौतीस वर्षांच्या अनुभवावरून पद्माकररावांना कळलं की हा आता परत येणार नाही. त्यांनी त्याची वेळ कागदावर टिपून ठेवली. दोन वाजून बेचाळीस.

मशीनला ती तेलकट पूड घालणं धोक्याचं होतं. त्यांनी ती सरळ उकळत्या दुधात टाकली, चांगली वाडगाभर, साखर घातली, गाळली आणि मोठ्या मगांतून आणून दिली. या वेळी कोणी कपाळाला टेकवली नाही. मंडळी फुंकर मारून प्यायली. तळापर्यंत प्यायली. हरीशभाईंनी मगात बोट फिरवून चाटलं. पद्माकररावांनी प्रत्येकाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. शब्द आता येणार होता. त्यांनी आधी मग गोळा केले, म्हणजे कोणाला बोलताना अडचण नको. मग हात पुसून खुर्ची घेऊन समोर बसले.

“तर?” ते म्हणाले.

श्रीकांतने त्यांच्याकडे फार मायेने पाहिलं. तोंड उघडलं. तोंड उघडंच राहिलं आणि आतून घोरण्याचा आवाज आला.

श्यामलाबाई त्याच्या खांद्यावर कलल्या. हरीशभाईंनी पाय वर घेतले. सोफ्यावरची दोन जोडपी पत्त्यांसारखी एकमेकांवर पडली. सव्वातीन वाजता खोलीत आठ माणसं होती आणि जागा फक्त एक होता. हे दृश्य पद्माकररावांना नवीन नव्हतं.

श्रीकांतचा श्वास अडकत होता. पद्माकरराव उठले, सवयीने त्याच्या डोक्यामागे गेले, दोन बोटं जबड्याखाली घालून हनुवटी वर उचलली. श्वास मोकळा झाला. मनगटावर नाडी बहात्तर, नियमित. ते तसेच उभे राहिले, घड्याळाकडे बघत. बागेत गुढीचा खण वाऱ्याने हलत होता.

प्रमोदिनीबाई चहाचा कप घेऊन दारात आल्या. त्यांनी कॉफी घेतली नव्हती.

“छान झोप लागलीय हो सगळ्यांना,” त्या हळूच म्हणाल्या.

“कॉफी पिऊन माणूस झोपतो कसा?” पद्माकरराव कुजबुजले. “जायफळाचा अंमल चढायला तास लागतात. मी सात माणसांना पुरेल एवढं कॅफीन घातलं होतं.”

प्रमोदिनीबाईंनी चहाचा एक घोट घेतला. “नव्हतं घातलंत.”

“म्हणजे?”

“बरणीत डिकॅफ आहे, कॅफीन काढून टाकलेल्या बिया. संक्रांतीपासून. तुमची छाती धडधडायला लागली ना, तेव्हापासून मी डिकॅफच मागवते.”

श्रीकांतची हनुवटी हातातून सुटली नाही, यात पद्माकररावांचं कसब दिसलं.

“आणि मग मला झोप का लागत नाही? काल चारपर्यंत मी जागा होतो.”

“ते तुमचं तुम्हाला ठाऊक.”

“मला सांगायचं तरी.”

“सांगून दिलं की औषध लागू पडत नाही,” फार्मसीच्या बाई म्हणाल्या. “तुम्हाला मी सांगायला हवं?”

साडेचारच्या सुमाराला मंडळी एकेक करून जागी झाली. भूल उतरलेल्या माणसांसारखीच, ओठ चाटत, आपण कुठे आहोत ते बघत. श्यामलाबाई केस सारखे करत म्हणाल्या, “बाई, अशी गाढ झोप वर्षात लागली नव्हती.” हरीशभाई म्हणाले, “भाभी, श्रीखंडात काय घातलं होतं? मला माझी आई स्वप्नात आली.” सोफ्यावरच्या चौघांनी श्रीखंडाची कृती लिहून मागितली. श्रीकांतने प्रमोदिनीबाईंचे दोन्ही हात धरले. “वहिनी, तुमच्या हाताला काय आहे हो. असं जेवण, अशी झोप. आयुष्यभर लक्षात राहील.” श्यामलाबाईंनी पिशवीतून एक बॉक्स काढून त्यांच्या हातात ठेवला. चॉकलेटं.

दाराशी कोट घालताना श्रीकांत थबकला. काहीतरी आठवायचा प्रयत्न करत होता. पद्माकरराव त्याचा मफलर हातात घेऊन उभे होते.

“पद्म्या,” तो म्हणाला, “तू कॉफी पाजणार होतास ना रे? राहूनच गेली.”

पद्माकररावांनी मफलर त्याच्या गळ्यात नीट बसवला.

“पुढच्या वेळी,” ते म्हणाले.

दार लावून ते किचनमध्ये आले. सिंकमध्ये सात मग होते. धुण्यासारखं त्यांत काही उरलं नव्हतं.